बाईंचा हिशेब

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. त्या बिऱ्हाडांना एकमेकांबद्दल जेवढं ठाऊक होतं, त्याहून कितीतरी जास्त एकट्या बाईंना ठाऊक होतं. सकाळी मोरीत पडलेला भांड्यांचा ढीग पाहिला की रात्री कुणाकडे पाहुणे होते, कुणाकडे भांडण होऊन भरली ताटं तशीच उठली, कुणाकडे महिनाअखेर आली म्हणून नुसत्या पिठल्यावर भागलं, हे त्यांना कळायचं. धुणं तर त्याहून जास्त बोलायचं. पण पाव शतकाहून अधिक काळात त्यांनी यातलं अक्षरही एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात नेलं नाही. वाड्यातल्या बाकी कुणाबद्दल असं म्हणता येणार नाही.

आता आम्ही भावंडं, सख्खी, चुलत आणि एक आतेबहीण, साठीच्या अल्याडपल्याड आहोत. जमलो की गप्पा वाड्यावर जातात आणि वाड्यावरून बाईंवर. गंमत अशी की प्रत्येकाच्या बाई निराळ्या. ताईच्या आठवणीतल्या बाई अबोल, चुलतभावाच्या आठवणीतल्या तोंडाळ. त्याला माडीच्या जिन्याखाली सिगरेट ओढताना त्यांनी एकदा पकडलं होतं, तेव्हा काय काय ऐकवलं ते तो अजून चवीने सांगतो. काकूला मात्र त्याचा पत्ता कधीच लागला नाही. धाकटीच्या बाई मायाळू. आणि माझ्या आठवणीतल्या बाई पक्क्या हिशेबी, हे मी कौतुकाने म्हणते. आमच्या घराने त्यांच्यावर माया केली, त्यांनीही आमच्यावर केली, हे सगळ्यांना कबूल आहे. पण त्यांचा मान त्या मायेतून आला नव्हता. तो त्या घरून घेऊन आल्या होत्या, आणि आमच्या घरात त्यांनी तो रोज सांभाळला.

बाई जामखेडकडच्या. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, बांधावर माती टाकली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो. त्या मिलोच्या भाकरीचा विषय निघाला की बाई हातातलं भांडं खाली ठेवून बोलायच्या. ‘जनावरानं बी तोंड फिरवलं असतं. आमी खाल्लं.’ दुष्काळ उठला, पण विकलेली बैलजोडी परत आली नाही आणि बैलांवाचून कोरडवाहू जमिनीत काही होईना. मग नवरा, दोन पोरं आणि एक ट्रंक घेऊन पुणं. पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत पत्र्याची खोली मिळाली. नवरा नाना-भवानी पेठेतल्या भुसार बाजारात हमालीला लागला आणि बाई आमच्या वाड्यात आल्या, तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या.

नवऱ्याचं हमाल असणं बाईंच्या आयुष्यात फार महत्त्वाचं ठरलं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत ही हमालांची संघटना होती. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झालेला होता. पाठीवर पोतं वाहणाऱ्या माणसालाही ठरलेली मजुरी, फंड, बोनस असू शकतो, ही गोष्ट बाईंच्या कानावर रोज रात्री जेवताना पडत होती. १९७४ साली हमाल पंचायतीचं ‘कष्टाची भाकर’ हे जेवणाचं केंद्र सुरू झालं, तेव्हा नवरा दुपारी तिथे जेवायला लागला. बाई हसून म्हणायच्या, ‘सात घरची खरकटी काढते म्हनून मालकाला भाकर द्यायला येळ नाई. बरं झालं, पंचायत जेवू घालती.’ एकाच पत्र्याखाली राहणाऱ्या दोन कष्टकऱ्यांपैकी एकाच्या मागे टोळी होती, संघटना होती. दुसरीकडे होती सात बिऱ्हाडांची मर्जी.

त्यांच्या कामाला ठरलेला क्रम होता आणि तो कुणासाठी मोडत नसे. नळाला पाणी असेपर्यंत धुणी आवरायची, पाणी गेलं की हौदाच्या पाण्यावर भांडी. बंबाची राख त्या आधी चाळणीने चाळून घेत, कारण जळणाच्या फळ्यांबरोबर बंबात खिळेही जातात आणि राखेतला खिळा बोट फाडतो. राख आणि नारळाची शेंडी हे रोजचं. तांब्यापितळेला चिंच, तीही आमटीसाठी कोळून उरलेला चोथा. तो आजी वाटीत बाजूला ठेवायची. पितळी पातेल्याची कल्हई उडायला लागली की ते आईच्या आधी बाईंच्या लक्षात यायचं. ‘वहिनी, यात आता ताक ठिवू नका. कळकंल.’ कल्हईवाला बोळात आला की त्याच्याशी घासाघीस बाईच करायच्या, कारण कुठल्या घरचं कुठलं भांडं किती दिवसांनी कल्हईला आलं याची नोंद त्यांच्या डोक्यात होती.

तेव्हा भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावं घातलेली असत, कुणाकडून कुणाला आणि कुठल्या तिथीला, असं सगळं. बाईंना वाचता येत नव्हतं. सामाईक नळावर सात घरची भांडी एकत्र पडली तरी एक फुलपात्र कधी चुकीच्या घरात गेलं नाही. पोच्यावरून, काठाच्या खाचेवरून, वजनावरून त्या ओळखायच्या. आतेबहीण म्हणते, तिने एकदा मुद्दाम शेजारची वाटी आमच्या ढिगात टाकली होती. बाईंनी ती न पाहता, नुसत्या हाताला लागताच बाजूला काढली.

पुढे गॅस आला, बंब गेला, त्यामागोमाग राखही गेली. पावडर आली आणि तिने हातांची सालं काढली. स्टीलची भांडी आली तेव्हा वाड्यातल्या बायका हरखल्या. बाईंचं मत वेगळं होतं. ‘हलकी हायेत, पर करपलं की जीव घेत्यात.’ पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या व्हायच्या, थंडीत टाचांना भेगा पडायच्या. कोकमतेल चमच्यात गरम करून त्या भेगांत सोडायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि उठून पुढच्या बिऱ्हाडाकडे जायच्या. चौकाच्या पायरीवर हे सगळं चालायचं आणि आम्ही दप्तरं घेऊन त्यांना ओलांडून शाळेला जायचो.

आमच्याकडे आजीचं सोवळं होतं. बाईंनी घासलेली भांडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पालथी घालायची आणि आजीने त्यांवर पाणी शिंपडून ती आत घ्यायची, असा रिवाज. ताईला हे लख्ख आठवतं. चुलतभाऊ म्हणतो, असलं काही आपल्याकडे नव्हतंच. तो वाड्यातला मुलगा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याला काय काम पडणार? त्याला ताट वाढलेलंच दिसायचं. बाईंची जात आजीने पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती आणि मिळालेल्या उत्तराने त्या शिंपडण्यात काही फरक पडला नव्हता. शिवाय चहासाठी मोरीच्या खिडकीत एक कान तुटलेला कप होता. तो फक्त बाईंचा. तसे कप वाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात होते.

त्यावर बाईंनी कधी तक्रार केली नाही. पहिली दिवाळी आली तेव्हा आईने विचारलं, लुगडं कुठल्या रंगाचं घेऊ? बाई म्हणाल्या, ‘लुगडं नको. ष्टीलचा एक पेला द्या, माझं नाव घालून.’ आईने तुळशीबागेतून पेला आणला आणि नाव घालून घेतलं. बाईंनी त्यावरच्या टिंबांवरून बोट फिरवलं, ‘हेच का?’ म्हणून आईकडून दोनदा वाचून घेतलं आणि पेला आमच्या चौकातल्या देवळीत ठेवून दिला. त्या दिवसापासून सातही बिऱ्हाडांतला चहा त्यांनी त्याच पेल्यात घेतला. पेला घेऊनच त्या दारात उभ्या राहायच्या, मग कान तुटलेले कप काढायचा प्रश्नच उरला नाही. आमचा कप आईने केरात टाकला. आजीने पाहिलं, पण काही बोलली नाही. शिंपडणं मात्र आजी असेपर्यंत चालूच राहिलं. घर एकदम बदलत नाही, आमचंही बदललं नाही.

अन्नाबाबतही त्यांचा असाच एक नेम होता. उरलंसुरलं त्या नेत नसत. ‘उरलं म्हनून देऊ नका, वहिनी. करताना जरा जास्त करा, मंग नेते.’ त्यामुळे सणाला पुरणाच्या चार पोळ्या जास्त व्हायच्या आणि जर्मनच्या डब्यात घरच्या पानांबरोबरच भरल्या जायच्या. आईला यात काही अवघड वाटलं नाही. वाड्यातल्या दुसऱ्या एका काकूंना मात्र हा नेम म्हणजे शुद्ध उद्धटपणा वाटायचा. त्यांच्याकडून बाई काहीच न्यायच्या नाहीत.

खाड्यांचा हिशेब हा महिन्याचा मोठा कार्यक्रम असे. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ निघायला लागलं आणि लवकरच वाड्यातल्या भिंती-भिंतींवर आलं. आमच्या घरी त्यातल्या तारखांच्या चौकटीत एका बाजूला दुधाचा हिशेब असे आणि दुसऱ्या बाजूला बाईंच्या खाड्यांच्या फुल्या. बाईंकडे कागद नव्हता, तिथ्या होत्या. एकदा आईच्या चार फुल्या झाल्या आणि बाई तीनवर अडल्या. आई म्हणाली, लिहून ठेवलंय. बाई म्हणाल्या, ‘वाचा, चौथी कवाची ते.’ आईने तारीख वाचली. ‘तारीख मला कळत नाई. तिथी सांगा.’ संकष्टी निघाली. ‘संकष्टीला मी आलते. तुमी साबुदाण्याची खिचडी बुडाला लावली हुती. अर्धा घंटा घासली मी ती कढई.’ आईला कढई आठवली. फुली खोडली गेली. त्यानंतर महिन्याच्या शेवटी दोघी कॅलेंडरसमोर उभ्या राहून हिशेब जुळवायच्या, एक तारखांनी आणि एक तिथ्यांनी, आणि तो बहुधा जुळायचा.

बाईंच्या घरी आम्ही गेलो ते त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात. मांडव वस्तीतल्या बोळात घातला होता. त्यांची खोली आमच्या माजघराच्या निम्मीही नव्हती, पण लखलखत होती. फळीवर पितळेचे डबे उतरंडीने लावलेले. आम्ही त्यांना कायम ओल्या पदराने, उकिडवं बसलेलं पाहिलेलं. त्या दिवशी त्या हिरव्या इरकलीत, कपाळभर कुंकू लावून व्याह्यांशी मानपानावरून ठामपणे बोलत होत्या. पंगत उठल्यावर आई सवयीने ताटं उचलायला वाकली. बाईंनी तिचा हात धरला. ‘ऱ्हाऊ द्या वहिनी. हितं तुमी पाव्हण्या.’ आणि हातानेच खूण करून दोन पुतण्यांना ताटं उचलायला लावली. परत येताना आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आपल्याकडच्या लग्नात आपण त्यांना कुठे बसवलं होतं?’ उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मावशीच्या लग्नात बाई मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाऱ्यापाशी होत्या आणि जेवल्या सगळ्यांच्या शेवटी.

आई राज्य सरकारच्या एका कचेरीत कारकून होती. १९७७ च्या डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संप पुकारला. तो ५४ दिवस चालला. आमच्या घरात त्या दिवसांचे व्रण अजून आहेत. दूध निम्म्यावर आलं, ताईची सहल रद्द झाली, वडिलांच्या एकट्याच्या पगारावर आठ माणसं. आईने बाईंना सांगितलं की दोन महिने येऊ नका, पगार द्यायला जमणार नाही. बाई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आल्या. ‘तुमचा पगार सुटंल तवा माझा द्या.’ सुरुवातीला आई स्वतः भांडी घासायला बसायची तर बाई तिला उठवायच्या. ‘तुमी मोर्च्याला जा.’ मोर्चाहून आई आली की त्या रोज विचारायच्या, ‘काय म्हंतंय सरकार?’ आम्हाला तेव्हा वाटायचं, किती ही माया. ती होतीच. पण संप म्हणजे काय, तो कसा चालतो, कोण आधी थकतं आणि कोण टिकतं, हेही बाई त्या ५४ दिवसांत अगदी जवळून पाहत होत्या.

१९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला. आजारपणात खाडे झाले म्हणून एका बाईला कामावरून काढून टाकलं, त्यावरून ठिणगी पडली. तिच्या आसपासच्या बायकांनी कामं बंद केली आणि बघता बघता एका भागातून दुसऱ्या भागात संप पसरला. बायका रस्त्यावर आल्या. पगारवाढ, हक्काची सुट्टी आणि दिवाळीला बोनस ही मागणी झाली. लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या साथीने पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. ज्यांचं काम चार भिंतींच्या आत, एकेकटीने, दुसऱ्याच्या मोरीत चालतं, अशा बायकांनी एकत्र यायचं हे तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. गिरणीला एक फाटक असतं, तिथे उभं राहून सगळ्यांना गाठता येतं. मोलकरणींना गाठायला हजार दारं. त्या एकमेकींना भेटत होत्या त्या वस्तीतल्या नळावर आणि कामावर जाताना रस्त्यात. संपही तिथूनच पसरला.

वाड्यात त्या दिवसांत जे संवाद झाले त्यांवर एक फार्स होईल. आजोबा पेपर आपटून म्हणाले, ‘मोलकरणींचा संप! उद्या देव जातील संपावर.’ आजी म्हणाली, ‘देवांची भांडी मी घासते. तुमची कोण घासणार ते बघा.’ माडीवरच्या बिऱ्हाडाने गुपचूप दुसरी बाई शोधली. ती आली, चौकात बसलेल्या आमच्या बाईंशी दोन शब्द बोलली आणि पदर खोचायच्या आधीच परत गेली. काकूंनी चार दिवस कागदी पत्रावळींवर जेवण वाढलं. चुलतभाऊ आणि त्याचा धाकटा भाऊ यांना आयुष्यात पहिल्यांदा आपापलं ताट घासायला लागलं. चुलतभाऊ न्यू जर्सीत गेल्यावर त्याचा फार उपयोग झाला, हे तो स्वतः कबूल करतो.

पण आमच्या घरातलं भांडण जरा वेगळ्या जातीचं झालं. संपाच्या दुसऱ्या दिवशी बाई हातात काही न घेता दारात आल्या, आईला सांगायला. आई चिडली होती. कचेरीतून दमून यायचं आणि भांड्यांना बसायचं. ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही माझ्याविरुद्ध संप करता? मी तुमच्याशी कधी वाईट वागले?’

‘न्हाई वागला.’

‘मग? आमचा संप सरकारविरुद्ध होता. घराविरुद्ध नव्हता.’

बाई म्हणाल्या, ‘मंग माझं सरकार मी कुठं हुडकू, वहिनी? माझं सरकार तुमीच.’

हे वाक्य आम्हा सगळ्या भावंडांना एकसारखं आठवतं. बाकी शंभर गोष्टींत आमची तोंडं शंभर दिशांना असतात, पण इथे शब्दाचाही फरक नाही. आई काही बोलली नाही. ५४ दिवसांची गोष्ट बाईंनी काढली नाही. काढण्याची गरजच नव्हती, ती दोघींच्या मधे उभी होती. रात्री आईने भांडी घासली, सकाळी रजेचा अर्ज दिला आणि वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांतल्या बायकांना आमच्या माजघरात बोलावलं. कचेरीतल्या संघटनेत ती सभांची टिपणं काढायची; तसंच टिपण तिने त्या दिवशी काढलं. धुणंभांड्यांचे महिना २५ रुपये होते ते ४० झाले. सगळ्या बिऱ्हाडांचा दर एक. महिन्यातून दोन सुट्ट्या पगारी, आजारपणाचा खाडा कापायचा नाही आणि दिवाळीला एक पूर्ण पगार. काकूंनी सही करताना बरीच कुरकुर केली. बाई बाहेर पायरीवर बसून होत्या. आईने आत बोलावून त्यांना टिपण वाचून दाखवलं. त्यांनी अंगठा उठवला आणि विचारलं, ‘याची एक परत मला मिळंल का?’

मला आज वाटतं, आमच्या घरच्या मायेचं खरं माप इथे मिळतं. त्याआधीची सात वर्षं ती माया होतीच. पुरणपोळ्या होत्या, मुलांच्या वह्या होत्या, बाईंच्या धाकट्याला देवी आल्या की काय या भीतीने आईने रात्री डॉक्टरकडे धावाधाव केली होती. पण या सगळ्या काळात पगार वाढला होता तो तीन रुपयांनी. पुढचे पंधरा रुपये चार दिवसांत आले. माया माणसाला जपते, पण तिला स्वतःहून हिशेब मांडायचं सुचत नाही. तो दुसऱ्या बाजूने कुणीतरी मांडावा लागतो.

संपानंतर बाईंनी आणखी एक गोष्ट करून घेतली. वाड्यातल्या एक काकू पोस्टाच्या अल्पबचतीच्या एजंट होत्या. बाईंनी आईला सांगितलं, महिन्याला पाच रुपये माझे कापा, पाच तुमचे घाला आणि पोस्टात माझ्या नावावर टाका. मालकाचा फंड असाच असतोय. नवऱ्याच्या माथाडी फंडावरून त्यांनी आपला फंड बेतला होता. पाच वर्षांची आवर्ती ठेव पुरी झाली की दुसरी. वाड्यातल्या सातांपैकी चार बिऱ्हाडांनी हे कबूल केलं. जनता वसाहतीतल्या पत्र्याच्या भिंती विटांच्या झाल्या त्या या पैशांतून आणि भिशीतून. धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचा पहिला हप्ताही यातूनच गेला. ती पुढे सरकारी दवाखान्यात लागली आणि घरात निवृत्तिवेतन असलेली पहिली बाई ठरली.

निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की आमच्या गप्पांत एक अवघड शांतता येते. आईला ते शेवटपर्यंत मिळालं. महागाई भत्ता वाढला की वाढायचं, ज्या भत्त्यासाठी तिच्या पिढीने संप केला होता. आई आणि बाई जवळपास एकाच वयाच्या. दोघी सकाळी सातला कामाला जुंपायच्या, दोघींची पोरं एकाच वेळी वाढली. एकीच्या कामाची सेवापुस्तिका होती, दुसरीच्या कामाला सेवा म्हणायलाच कुणी तयार नव्हतं. घरकामगारांच्या सेवाशर्तींचं एक विधेयक १९५९ साली संसदेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. नोंदणीसाठी वयाची अट १८ ते ६०. पुढे पंचावन्न पूर्ण झालेल्या नोंदीत बायकांसाठी १०,००० रुपयांचं सन्मानधनही आलं. कायदा झाला तेव्हाच बाई पासष्टीच्या झाल्या होत्या. ज्या बायकांनी १९८० साली रस्त्यावर उतरून आपले हक्क मागितले, त्यांतल्या कितीतरी जणी कायदा येईपर्यंत त्याच्या वयोमर्यादेबाहेर गेल्या.

नोंदणी झाली ती त्यांच्या सुनेची. ती कोथरूडला आमच्या ताईकडे आणि त्याच सोसायटीत आणखी तीन घरी काम करते. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी फाटकं लावून घेतली आणि आमच्या भावंडांतही वाद झाला. काम नाही तर पगार किती द्यायचा? अर्धा की पूर्ण, आणि किती महिने? एकाचं म्हणणं, सरकारने बघावं. सरकारने २०२१ साली नोंदीत घरकामगारांना १,५०० रुपये दिले. त्यात एक महिनाही निघत नाही. ताई तेव्हा एवढंच म्हणाली, ‘आईच्या संपात बाई ५४ दिवस येत राहिल्या. आपल्याला तर नुसते पैसे पाठवायचेत.’ सगळ्यांनी आपापल्या घरच्या बायकांना पूर्ण पगार दिला. एकदोघांनी कुरकुरत दिला, पण दिला.

बाईंनी काम सोडलं ते वाडा पाडायला निघाला तेव्हा, २००० साली. बिल्डरचं काम पावसाळ्यानंतर सुरू व्हायचं होतं. बिऱ्हाडं पांगली. आई-वडील तेवढ्यापुरते एरंडवण्यात भाड्याच्या जागेत जाणार होते आणि एवढं लांब चालत येणं बाईंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटी त्या आल्या त्या एका तरण्या बाईला बरोबर घेऊन. ही तुमच्याकडं करंल, माझ्याच हाताखाली शिकली हाय. मग पगाराचं बोलणं सुरू झालं आणि बाईंनी सांगितलेला आकडा ऐकून आई दचकली. तो बाईंच्या स्वतःच्या पगाराच्या दीडपट होता.

‘अहो, तुमचा एवढा नाही आणि हिचा कसा?’

‘माझा जुना हाय, वहिनी. तुमचं तोंड बघून दरसाल मागायला जीव धजला न्हाई म्हनून मागं ऱ्हायला. हिचं तसं करू नका. हिची सुरवात आजच्या भावानं करा. म्हयन्याला दोन सुट्ट्या, दिवाळीला एक पगार. कागुद जुनाच चालंल, फकस्त आकडा बदला.’

आईने मान्य केलं. नव्या बाईने कधीपासून यायचं तेही ठरलं. बाई उठल्या, देवळीतला आपला पेला पिशवीत टाकला आणि पुन्हा बसल्या.

‘आन् माझा या म्हयन्याचा बी त्याच भावानं द्या. शिवाय दिवाळी पुढच्या म्हयन्यात हाय, मी नऊ म्हयने भरल्यात. नऊ म्हयन्यांचा बोनस काढा.’

आईने कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि दोघी शेवटचा हिशेब करायला बसल्या. खाडे दोनच निघाले, दोन्ही हक्काच्या सुट्ट्यांत बसणारे. आईने पैसे मोजले, बाईंनी ते परत मोजले, आणि त्यातला एक रुपया आईकडून जास्त आला होता तो परत दिला.